‘गेलेल्या माणसाच्या चुका कशाला मोजता?’ या प्रतिक्रियेला उत्तर

ताई, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया परवाच वाचली होती. लगेच उत्तर लिहिलं नाही, कारण पहिल्यांदा वाचताना मला राग आला होता. दुसऱ्यांदा वाचली तेव्हा तो उरला नाही.

तुमचं म्हणणं असं: अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी यांचे चिरंजीव जॉन केनेडी ज्युनिअर यांच्या विमान अपघातावरच्या माझ्या लेखात माणूस कुठे दिसतच नाही, दिसतात त्या फक्त त्याच्या चुका. मृतदेह पाण्याबाहेर यायच्या आधीच इतर वैमानिकांकडून त्याची उलटतपासणी सुरू होते, आणि ती ‘मी असतो तर असं झालं नसतं’ हे स्वतःला पटवण्यासाठी असते. तुमचा भाऊ रस्त्यावरच्या अपघातात गेला तेव्हा घरी भेटायला आलेल्यांनीही आधी ‘वेग किती होता?’ असंच विचारलं, हेही तुम्ही लिहिलंत. आणि शेवटी विचारलंत, हा लेख काढून टाकाल का?

लेख काढत नाही. पण त्यातलं एक वाक्य चुकलंय आणि तुम्ही नेमकं त्याच्यावर बोट ठेवलंत. त्याकडे येतोच.

ज्यांनी मूळ लेख वाचलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. १६ जुलै १९९९ च्या रात्री ८ वाजून ३८ मिनिटांनी न्यू जर्सीतल्या एसेक्स काउंटी विमानतळावरून एका इंजिनाचं पायपर साराटोगा विमान उडालं. केनेडी स्वतः चालवत होते. सोबत पत्नी कॅरोलिन आणि तिची बहीण लॉरेन. लॉरेनला मार्थाज व्हिनयार्ड बेटावर उतरवायचं आणि पुढे हायनिसला जायचं, कारण दुसऱ्या दिवशी घरात लग्न होतं. तासाभरानंतर, बेट अगदी जवळ आलेलं असताना, विमान अटलांटिकमध्ये कोसळलं. पाच दिवसांनी गोताखोरांनी तिघांचे मृतदेह वर आणले.

आता तुमच्या आरोपाकडे. ‘मी असतो तर असं झालं नसतं’ असं म्हणणारे वैमानिक असतात. मी भेटलोय त्यांना. पण अशा अपघाताची बातमी आली की बहुतेकांच्या पोटात जो गोळा येतो तो वेगळा असतो: आपण किती वेळा तिथवर जाऊन परत आलोय, याची ती आठवण असते.

मी विमान उडवायला शिकत होतो तेव्हाची गोष्ट सांगतो. बाहेरचं काही दिसू नये म्हणून शिक्षकांनी माझ्या डोळ्यांवर झापड लावली, मान खाली घालायला आणि डोळे मिटायला सांगितलं, आणि विमान आपल्या हातात घेतलं. मिनिटभराने म्हणाले, डोळे उघड आणि सांग आपण कसे उडतोय. मी पूर्ण खात्रीने म्हणालो, सरळ. समोरच्या यंत्रात क्षितिजाची रेघ तिरकी झालेली होती आणि उंचीचा काटा उतरत होता. विमान डावीकडे कललेलं होतं. ते मी सरळ केलं तेव्हा माझं सगळं अंग ओरडून सांगत होतं की आता आपण उजवीकडे पडतोय. विमान पुन्हा डावीकडे कलवावं, म्हणजे बरं वाटेल, असा मोह झाला. तो मोह किती खरा वाटतो हे मला अजूनही शब्दांत नीट मांडता येत नाही.

याचं कारण कानात आहे. आतल्या कानात तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात, त्यांत द्रव असतो. डोकं वळलं की द्रव मागे रेंगाळतो आणि मेंदूला वळण कळतं. पण तेच वळण संथपणे, एकाच गतीने चालू राहिलं तर थोड्या वेळात द्रवही त्याच गतीने फिरू लागतो आणि मेंदूला वाटतं, वळणं थांबलं. जमिनीवर ही चूक डोळे दुरुस्त करतात. विमानातही करतात, क्षितिज दिसत असेल तर. रात्री समुद्रावर, हवेत धूसरपणा असेल तर, खाली दिवे नसतात आणि आभाळ कुठे संपतं ते कळत नाही. मग उरतो फक्त कान, आणि तो खोटं बोलत असतो.

त्या रात्री त्याच भागातून गेलेल्या इतर वैमानिकांचे जबाब चौकशीत नोंदले गेले. पाण्यावर क्षितिज दिसतच नव्हतं, असं त्यांच्यातल्या काहींनी सांगितलं. एकाने तर बेटाच्या दिशेने पाहिलं तेव्हा त्याला वाटलं, तिथली वीज गेली असावी. ताई, वैमानिकांची मला सर्वांत मोलाची वाटणारी प्रतिक्रिया हीच आहे. त्या माणसाने ‘केनेडींनी काय चूक केली’ याबद्दल अवाक्षर काढलं नाही. आपल्याला काय दिसलं नाही, ते सांगितलं. आणि त्या सुमारास बेटावरच्या विमानतळाची नोंद काय होती? दृश्यमानता ८ मैल. कायद्याला लागते त्याहून कितीतरी जास्त. केवळ यंत्रांच्या आधारे उडण्याचा परवाना केनेडींकडे नव्हता, पण अमेरिकेत त्या हवामानाच्या नोंदीवर रात्री उडायला तो लागतही नाही. म्हणजे कागदावर सगळं ठीक होतं.

रडारच्या नोंदीत शेवटची काही मिनिटं दिसतात. विमान किनाऱ्याच्या कडेकडेने आलं, ऱ्होड आयलंडमधल्या पॉइंट ज्युडिथपाशी किनारा सोडून उघड्या समुद्रावर निघालं, ५,५०० फुटांवरून खाली येऊ लागलं. मग एक वळण, थोडं वर, पुन्हा वळण, आणि शेवटी उजवीकडे आवळत गेलेली गिरकी. उतरण्याचा वेग मिनिटाला ४,७०० फुटांच्या वर गेला. मी ही आकडेवारी लेखात दिली तेव्हा तुम्हाला ती निर्दय वाटली. मला तिच्यात एक माणूस विमान सरळ करायला धडपडताना दिसतो. चूक माझी, की मी ते तसं लिहिलं नाही.

१९५४ मध्ये इलिनॉय विद्यापीठात एक प्रयोग झाला. यंत्रांवर उडण्याचं शिक्षण नसलेल्या २० वैमानिकांना बाहेरचं काही दिसणार नाही अशा स्थितीत उडायला लावलं. विसाच्या विसांचा ताबा सुटला, सरासरी १७८ सेकंदांत. हा आकडा वैमानिकांच्या वर्गात भीती घालायला वापरतात, पण त्याचा पुढचा भाग क्वचितच कोणी सांगतं: थोड्याशा शिक्षणानंतर हीच माणसं विमान सावकाश अर्धं वळवून आल्या वाटेने परत नेऊ शकली. अपघाताचे अहवाल आम्ही वाचतो ते याचसाठी. परत फिरायची शेवटची जागा कुठे होती, हे शोधायला. इथे ती किनारा सुटला तिथे होती. विमानात ऑटोपायलटही होता, म्हणजे बटण दाबलं की विमान आपोआप सरळ ठेवणारं यंत्र. हे मी मृताला सुनावत नाहीये. पुढच्या वेळी धूसर संध्याकाळी किनारा सोडताना माझा हात त्या बटणाकडे जावा, म्हणून स्वतःशी घोकतोय. आणि मागे बसणाऱ्यांसाठी. कॅरोलिन आणि लॉरेनला यातलं काही ठाऊक असण्याची अपेक्षाच नव्हती. प्रवासी विश्वासाने बसतात, म्हणून तपासण्याची जबाबदारी आमची.

घाईबद्दल मात्र तुमचं बरोबर आहे, आणि मला त्याचं दुसरं उदाहरण ठाऊक आहे. २१ जानेवारी २०१९ ला फुटबॉलपटू एमिलियानो साला यांना फ्रान्समधल्या नांतहून कार्डिफला नेणारं लहान विमान गर्न्सी बेटाजवळ समुद्रात पडलं. वैमानिकाकडे पैसे घेऊन प्रवासी नेण्याचा परवाना नव्हता, रात्री उडण्याचाही नव्हता. हे खरंच होतं आणि गंभीर होतं. इतकं कळल्यावर पुष्कळांनी फाइल मिटली, मीसुद्धा. नंतर साला यांच्या रक्ताच्या तपासणीत कार्बन मोनॉक्साइड इतका निघाला की वैमानिकालाही त्याची बाधा झाली असणार, असा निष्कर्ष तपास करणाऱ्यांनी काढला. ज्या वायूला वास नाही, रंग नाही, तो केबिनमध्ये येत असताना त्या माणसाची विचारशक्तीच मंदावत गेली असेल. १ जानेवारी २०२५ पासून ब्रिटनमध्ये प्रवासी नेणाऱ्या बहुतेक पिस्टन इंजिनांच्या विमानांत हा वायू ओळखून इशारा देणारं यंत्र सक्तीचं झालं. आम्ही सगळे ‘परवाना नव्हता’ इथेच थांबलो असतो, तर हे झालं नसतं.

आता ते वाक्य. मी लिहिलं होतं, ‘शिक्षकाला सोबत घ्यायचं नाकारण्याचा गर्व त्यांना भोवला.’ अहवालात इतकंच आहे: त्या दिवशी एका शिक्षकाने सोबत यायची तयारी दाखवली आणि केनेडी म्हणाले, मला हे एकट्याने करायचंय. गर्व हा शब्द माझा. आदल्या १५ महिन्यांत त्यांनी या भागात सुमारे ३५ फेऱ्या केल्या होत्या, त्यातल्या निदान १७ शिक्षकाशिवाय. शिकणाऱ्या प्रत्येकाला कधीतरी शिक्षकाची खुर्ची रिकामी ठेवून जायचं असतं. मीही हेच वाक्य बोललोय, याच शब्दांत, आणि त्या दिवशी हवा चांगली होती म्हणून आज हे लिहितोय. तपास मंडळाने कारण दिलं ते असं: रात्री पाण्यावर उतरताना दिशाभ्रमामुळे विमानावरचा ताबा सुटला, धूसर हवा आणि अंधार यांनी त्यात भर घातली. माणसाच्या स्वभावाबद्दल त्यात एक शब्द नाही.

तुमच्या भावाबद्दल काय लिहावं ते सुचत नाही. वेग किती होता हे विचारणं तपास करणाऱ्याचं काम होतं. भेटायला आलेल्यांनी ते तुमच्या दारात विचारायला नको होतं. माझ्या लेखातून तुम्हाला तोच आवाज पुन्हा ऐकू आला, याचं वाईट वाटतं.

लेखातलं ते वाक्य आज बदललं. आता तिथे असं आहे: ‘शिक्षक सोबत यायला तयार होते, केनेडींना त्या दिवशी एकट्याने जायचं होतं, जसं आम्हा सगळ्यांना कधी ना कधी जायचं असतं.’ वाचून बघा. अजूनही खुपत असेल तर सांगा.