वजन उतरवाचं? जिभेले त्रास कायले देता!

भाऊ, पोट सुटलं म्हणून घाबरू नका. बसस्टँडवरचे तर्री-पोहे सोडू नका, सोबतचे दोन आलुबोंडे तर अजिबातच नाही. वनस्पतीच्या अर्कानं पोटातले जंतू सुधरतात अन् वजन उतरते म्हणतात आजकाल, मग फक्त हात धुतला की त्या अर्काची एक कॅप्सूल टाका तोंडात, बाकी पोटातले जंतू पाहून घेतात.

सुरुवात हळदीपासून करा, पण घरची नाही हं! आपली वर्ध्याकडच्या वायगावची, जीआय वाली म्हणजे गावाच्या नावाचा सरकारी शिक्का असलेली, उकळून, वाळवून, पॉलिश करून पोत्यानं व्यापाऱ्याले देऊन टाका, मग तिच्यातलंच कर्क्युमिन साठ गोळ्यांच्या डबीत ऑनलाइन मागवा, म्हणजे क्विंटलनं गेलेला माल ग्रॅमच्या भावानं घरी येते. आता हे कर्क्युमिन रक्तात जवळपास उतरतच नाही, मिऱ्यातल्या पायपरिनसोबत 20 पट उतरते असं 1998 च्या एका अभ्यासात दिसलं होतं, म्हणून डबीवर मिऱ्याचा फोटो आहे का तेवढं पाहून घ्या. भाजीत हळद-मिरे पडतात ते सोडा, भाजीले कुठं एक्स्पायरी डेट असते.

मग दारुहळद. तिच्यातल्या बर्बेरिनले 2023 मध्ये सोशल मीडियावाल्यांनी 'निसर्गाचं ओझेम्पिक' करून टाकलं, ओझेम्पिक म्हणजे ते शुगरचं इंजेक्शन, ज्यानं वजनही उतरते. माणसांवरच्या चाचण्यांत वजन उतरलं ते एक-दोन किलो, पण तेवढ्यासाठी तुरीची सवंगणी कोण करते राजा! शुगरची गोळी चालू असली तर डॉक्टरले विचारू नका, तो म्हणते दोन्ही मिळून शुगर जास्तच खाली जाऊ शकते, आणि उगाच मूड घालवते. बाकी पुष्कळसं संशोधन उंदरांवरचं आहे, म्हणजे आपलंच समजा, तोही कणगीतलंच खाते.

जंतूंमध्ये अ‍ॅकरमॅन्सिया हे एक नाव पाठ करा, 2004 मध्ये ओळख पटली त्याची. पंगतीत तिसऱ्यांदा बुंदी घेताना हे नाव घेतलं की कोणी टोकत नाही. बाकी जंतूंले चोथा लागते, ज्वारीची भाकर, जवस, तुरीची डाळ, ते आंबवून ब्युटिरेट नावाचं आतड्याच्या कामाचं आम्ल बनवतात म्हणे, पण एवढ्या स्वस्तात काम झालं तर कॅप्सूलवाल्यानं कुठं जावं?

आमच्या मेहुण्याच्या तीन डब्या संपल्या. त्याची बायको त्यात जवसाची चटणी भरून ठेवते. काल त्याच्या ताटात वाढली तर म्हणते, नको बाप्पा, गॅस होते.