घोड्याची खाज आणि डब्यातला फवारा

फ्रान्समधल्या झऱ्यांचं पाणी चेहऱ्यावर मारायच्या फवाऱ्याच्या डब्यात भरून भारतातही विकायला लागले, तेव्हापासून आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दर उन्हाळ्यात एक वाद ठरलेला असतो. एक पक्ष म्हणतो, नुसतं पाणी विकतायत आणि तुम्ही ते घेताय, कमाल आहे. दुसरा पक्ष म्हणतो, हेच पाणी कोकणातल्या गरम झऱ्यांत, वज्रेश्वरीला, उन्हवऱ्याला, तुरळला पिढ्यान्‌पिढ्या फुकट वाहतंय. गोऱ्यांनी डब्यात भरलं की आपल्याला त्याची महती कळते. दोन्हीकडचे दमले की मला विचारणा होते: “तू फ्रान्सात राहतेस ना गं, तिकडे खरंच लावतात का?”

लावतात. इथल्या कुठल्याही फार्मसीत हे डबे ओळीनं मांडलेले असतात, आणि ते शोभेची वस्तू म्हणून विकले जात नाहीत. त्वचेवर लेझर उपचार झाल्यावर किंवा चेहऱ्याची आग होत असताना वापरा, असं त्वचेचे डॉक्टरही सांगतात. तरी ग्रुपवरचे दोन्ही पक्ष भलत्याच गोष्टीवर भांडतायत असं मला वाटतं. फ्रान्सकडून उचलण्यासारखं जे आहे ते डब्यात भरता येत नाही.

आधी महतीचं बघू. दक्षिण फ्रान्समधल्या एरो जिल्ह्यात आवेन नावाचं छोटं गाव आहे. 1736 साली तिथल्या एका सरदाराचा खाजेनं बेजार झालेला घोडा झऱ्यात डुंबून बरा झाला, अशी आख्यायिका. तिकडे पश्चिमेला ला रोश-पोझे. तिथेही घोडाच! चौदाव्या शतकातला सेनापती बेर्त्रां द्यू गेक्लँ याच्या घोड्याची त्वचा तिथल्या पाण्यानं सुधारली म्हणे. या गावांच्या नावाचे, एकमेकांशी स्पर्धा करणारे दोन ब्रँड, दोघांच्या दाव्याच्या मुळाशी खाजरा घोडा. आमच्या वज्रेश्वरीची कथा अशी की देवीनं मारलेल्या राक्षसांचं रक्त म्हणजे ही गरम कुंडं. डब्यावर छापायला घोडाच सोयीचा, हे मान्य करायला हवं.

गंमत पुढे आहे. ही सगळी ‘थर्मल’ म्हणजे औषधी मानलेल्या झऱ्यांची पाणी एकसारखी नाहीतच. आवेनच्या पाण्यात लिटरमागे जेमतेम दोनशे मिलिग्रॅम खनिजं. ग्रनोब्लजवळच्या यूरियाजच्या पाण्यात सुमारे 11 ग्रॅम, म्हणजे पन्नासपटीहून जास्त. ला रोश-पोझेवाले सेलेनियम या खनिजाचा दाखला देतात, तेही मायक्रोग्रॅममध्ये. आवेनवाले त्यांच्या पाण्यात खनिजं कमी आहेत हाच गुण म्हणून सांगतात. आता कमी खनिजांनीही त्वचा शांत होते आणि भरपूर खनिजांनीही होते, तर मूळ काम खनिजं करतात की गार, स्वच्छ पाण्याचा बारीक शिडकावा करतो, ही शंका रास्त आहे. प्रयोगशाळेतल्या पेशींवर यातल्या काही पाण्यांनी दाह कमी झाल्याचं दिसलं आहे. पण असं बरंचसं संशोधन कंपन्यांच्याच पैशानं झालेलं आहे, आणि काचेच्या बशीतली पेशी म्हणजे तुमचा गाल नव्हे. गालावर पाणी टिकतं किती? आवेनच्या फवाऱ्याची सूचनाच अशी आहे की मारल्यावर थोडा वेळ थांबा आणि मग हलक्या हातानं टिपून घ्या. तसंच वाळू दिलं तर त्वचा उलट ताणते, विशेषतः इथल्या हिवाळ्यात, हीटरनं खोलीतली हवा कोरडी ठाक झालेली असताना. वरून लगेच क्रीम लावलं तरच त्या ओलाव्याचा उपयोग.

मग फायदा काहीच नाही? आहे, पण छोटा. पाणी निर्जंतुक ठेवून भरलेलं असतं, डब्यातला नायट्रोजन ते बाहेर ढकलतो, त्यात सुगंध नाही, टिकवण्याची रसायनं नाहीत. ज्या चेहऱ्याला बोटही लावायची सोय नाही त्यावर असा शिडकावा सुखाचा असतो. सुरकुत्या, डाग, मुरमं यांच्याशी त्याचा संबंध लावू नये.

पॅरिसमध्ये राहणारीला यात आणखी एक विनोद दिसतो. इथल्या नळाचं पाणी जड. किटलीच्या बुडाशी आठवड्याभरात पांढरा थर धरतो आणि न्हाणीघराच्या काचेवर डाग पडतात. त्या कॅल्शियमच्या नावानं सगळे बोटं मोडतात: त्वचा कोरडी पडते, केस राठ होतात. साबणाशी मिळून जड पाणी त्वचेवर साका ठेवतं, हे खरंच आहे. पण तेच कॅल्शियम डब्यावर छापलं की ‘त्वचेला पोषक’. ब्रिटनमध्ये एक्झिमा, म्हणजे कोरड्या त्वचेचा खाजरा विकार, असलेल्या 336 मुलांवर एक चाचणी झाली होती, 2011 साली तिचा निष्कर्ष आला. घरात पाणी मऊ करणारं यंत्र बसवूनही मुलांच्या एक्झिम्यात जास्तीचा फरक पडला नाही. पाण्यातल्या खनिजांना आपण शिव्याही जास्त देतो आणि श्रेयही जास्त देतो.

डबा बाजूला ठेवून मूळ झऱ्यापाशी गेलं की वेगळं चित्र दिसतं. फ्रान्समध्ये डॉक्टरांच्या चिठ्ठीवर 18 दिवसांचा जलोपचार घेता येतो, आणि सरकारी आरोग्य विमा उपचाराच्या ठरलेल्या दराचे 65 टक्के भरतो. राहण्या-खाण्याचा खर्च आपला. एक्झिमा, सोरायसिस, भाजल्याचे व्रण घेऊन लोक येतात. सुईसारख्या बारीक धारांचा जोराचा फवारा असतो. खाजवून खाजवून चामड्यासारख्या झालेल्या त्वचेवर आणि जुन्या व्रणांवर तो मारतात. शिवाय आंघोळ, लेप, डॉक्टरांची तपासणी, मलम कसं आणि किती लावायचं याचे वर्ग. तीन आठवडे ऑफिस नाही, शाळा नाही, दिवसातून दोनदा निगुतीनं क्रीम. इतकं सगळं केल्यावर माणूस बरा होऊन परतला तर श्रेय पाण्याला किती द्यायचं? सरकारनं यावर पैसे का घालावेत, हा वाद इथेही अधूनमधून उफाळतो, आणि आक्षेप घेणाऱ्यांचं म्हणणं मला पटतं. पण एका बाबतीत ही जलोपचार केंद्रं निर्विवाद आहेत: पाणी सतत तपासलं जातं. लेजिओनेला, स्यूडोमोनस असे जंतू निघाले तर तो नळ बंद होतो.

आमच्याकडे नेमकं हेच नाही. कोकणातल्या झऱ्यांचं पाणी कमी दर्जाचं म्हणावं असं काही नाही. पावसाचं पाणी भेगांतून खोल जातं, तापतं, वर येतं. फक्त ते फार गरम आहे. आवेनचा झरा 25.7 अंशांचा, आपल्या कित्येक कुंडांत पाय घालायलाही धीर लागतो. एक्झिम्याच्या कोरड्या त्वचेला कढत पाणी आणखी कोरडं करतं. दुसरं म्हणजे, गेल्या दशकात भारतात नेहमीच्या औषधांना दाद न देणारं गजकर्ण घरोघरी पसरलंय. दुकानातून आणलेल्या स्टेरॉइड-मिश्रित मलमांनी ते आणखी चिघळतं, आणि टॉवेल-कपड्यांतून सगळ्या कुटुंबाला होतं. अशा वेळी ‘कुंडात डुबकी मार, जाईल’ हा सल्ला मिळाला की उपचार महिनाभर लांबतो आणि टॉवेल मात्र सगळ्यांचा एकच राहतो. तिसरं, कोमट गोड्या पाण्यात राहणारा एक अमीबा नाकावाटे मेंदूत शिरतो. तो क्वचित शिरतो, पण शिरला तर बहुतेक वेळा जीव जातो. म्हणून लहान मुलांना कुंडात डोकं बुडवू देऊ नये.

कुंडाशेजारी एक फलक लागावा: पाण्याचं तापमान, त्यातली खनिजं, जंतुतपासणी कधी झाली, आणि आज कुणाकुणाला उतरायला मनाई आहे. आमच्या ग्रुपवरच्या अभिमानी पक्षानं यासाठी ग्रामपंचायतीच्या मागे लागावं. त्यानंतर खुशाल डब्यात भरा.

ग्रुपवर हे सगळं लिहिलं तर कुणी वाचणार नाही, म्हणून मावसबहिणीला फोनच केला. तिच्या मुलीच्या कोपराच्या वळणात एक्झिमा आहे, आणि डबा आणू का असं ती विचारत होती. म्हटलं, आंघोळ कोमट पाण्यानं, पाच-दहा मिनिटांत उरक, अंग ओलसर असतानाच बिनवासाचं क्रीम थापून लाव, आणि त्वचेच्या डॉक्टरांनी दिलेलं मलम घाबरून अर्धवट सोडू नकोस. फवाऱ्याचे पैसे क्रीमच्या मोठ्या बाटलीत घाल. “मग तिकडून काहीच पाठवणार नाहीस?” असं म्हणून तिनं विषय सुनेच्या डोहाळजेवणावर नेला.