क्वेरी आलीय, थांबा जरा

विलासच्या आईचं पित्ताशयाचं ऑपरेशन नीट झालं, खडे निघाले, काकू घरी येऊन भाकरी थापायलाही लागल्या. विलासचं डोकं मात्र अजून तापलेलंच. रविवारी सकाळी परसूच्या गाड्यावर आला आणि चहा सांगायच्या आधी त्यानं कागदांची चळत बाकड्यावर आपटली.

"एक लाख दहा हजार बिल. कंपनीनं दिले त्रेसष्ट. सत्तेचाळीस हजार माझ्या खिशातले. आणि ह्याला म्हणायचं कॅशलेस!"

आमच्या मिरजेत कुठलाही विषय फिरून दवाखान्यावर येतो, हा तर थेट तिथूनच आला होता. वॉन्लेस साहेबानं १८९४ साली इथं मिशन हॉस्पिटल काढलं, तेव्हापासून कर्नाटकातनं पेशंट मिरजेला उतरतोय आणि निम्मं गाव त्यावर जेवतंय. कट्ट्यावरही तेच. शिरीष एका हॉस्पिटलात मेडिक्लेमच्या टेबलावर बसतो (काकूंना नेलं ते हे नव्हे, आधीच सांगितलेलं बरं). इक्बालचं मेडिकल दुकान. नंदू विम्याचा एजंट, आणि विलासची पॉलिसी त्यानंच काढून दिलेली. त्यामुळं त्या दिवशी नंदू बाकाच्या टोकाला बसला होता. उरले बापू, बँकेतून रिटायर झालेले, आणि मी.

"पॉलिसी किती लाखाची?" शिरीषनं विचारलं.

"तीन."

"रूम कुठली घेतलीस?"

"सिंगल. दिवसाला पाच हजार. आईला जनरलमध्ये झोप लागत नाही."

शिरीषनं नुसतं "हं" केलं. नंदूनं चहाच्या कपात बघितलं.

"काय हं? सांग की."

"तुझ्या पॉलिसीत रूमचं भाडं एक टक्का. तीन लाखाला तीन हजार. तू घेतलीस पाचची."

"मग वरचे दोन हजार माझे. तीन दिवसांचे सहा हजार. ते मला कबूल आहे. सत्तेचाळीस कुठनं आले?"

"प्रपोर्शनेट डिडक्शन," नंदू हळूच म्हणाला. "पाचच्या जागी तीनचीच पात्रता, म्हणजे साठ टक्के. मग सर्जनची फी, भूलवाला, ओटी म्हणजे ऑपरेशन थिएटर, नर्सिंग, सगळ्याचे साठच टक्के मिळतात."

"ऑपरेशन काय रूममध्ये झालं होय रे?" विलास ओरडला. परसूनंही मान वर केली.

नंदूचं म्हणणं, पॉलिसीत सगळं लिहिलेलं असतं. विलासचं म्हणणं, बत्तीस पानी इंग्रजी कागदात. नंदू म्हणाला, २०२४ च्या जानेवारीपासून पॉलिसीबरोबर सोप्या भाषेतला माहितीचा कागद द्यावाच लागतो, आणि मागितला तर मराठीतही देतात. "मागितला तर!" इक्बाल हसला. "असं काही मागायचं असतं हे त्याला कोण सांगणार? तूच ना?"

नंदू गप्प. मित्र असला तरी इथं त्याची बाजू घ्यायचं मला काही कारण दिसेना. पॉलिसी विकताना 'तीन लाखाचं कव्हर' हे तीनदा सांगितलं जातं. भाड्याची मर्यादा एकदाही नाही.

विलासनं मोर्चा शिरीषकडं वळवला. "आणि तुम्ही काउंटरवाले? ती पोरगी मला विचारते, सर, शेअरिंग की सिंगल? मी कार्ड तिच्याच हातात दिलंय. तिला दिसत नाही होय तीन हजार?"

"दिसतं कधी कधी. पण आमच्या टेबलावर पंचवीस कंपन्या, प्रत्येकीचे चार-चार प्लॅन. कुणाला एक टक्का, कुणाला मर्यादाच नाही, कुणाला अमुक ऑपरेशनला अमुकच रक्कम. आणि मर्दा, खरं सांगू? सिंगल रूम भरली तर मॅनेजमेंट खूश. तिला कुणी सांगितलेलं नसतं की बाबा, पेशंटला सावध कर."

एवढं सरळ बोलल्याबद्दल शिरीषला परसूकडनं एक कट जादा मिळायला हरकत नव्हती. पण विलासचं अजून संपलं नव्हतं. पैशापेक्षा त्याला डिस्चार्जचा दिवस जास्त झोंबला होता.

"सकाळी नऊला डॉक्टर राउंडला आले, म्हणाले, घेऊन जा आईला. आईनं साडी बदलली, पिशवी भरली, रिक्षावाल्याला सांगून ठेवलं. बाहेर पडलो संध्याकाळी सातला. दर अर्ध्या तासाला मी काउंटरवर. एकच उत्तर: क्वेरी आलीय सर, थांबा जरा. काय क्वेरी? ते टीपीएला, म्हणजे कंपनीसाठी क्लेम बघणाऱ्या मधल्या एजन्सीला, विचारा. टीपीएला फोन लावला तर एक दाबा, दोन दाबा, आणि शेवटी बाई म्हणते, हॉस्पिटलकडनं कागद आलेला नाही. हे म्हणतात पाठवला, ते म्हणतात आला नाही. मधी मी. आई कॉटवर बसून, चपला घालून."

"तीन तासांचा नियम आहे," नंदू म्हणाला. "इर्डानं, म्हणजे विम्याच्या सरकारी नियामकानं, मे २०२४ ला काढला. भरतीच्या वेळी एका तासात उत्तर द्यायचं, डिस्चार्जला तीन तासांत. उशीर झाला तर हॉस्पिटल जे जादा लावेल ते कंपनीनं भरायचं, तेही स्वतःच्या भागधारकांच्या पैशातनं."

"तीन तास कधीपासनं?" शिरीषनं विचारलं आणि स्वतःच उत्तर दिलं. "आमचा कागद त्यांच्याकडं पोचल्यापासनं. डॉक्टर नऊला 'जा' म्हणतात, पण डिस्चार्ज समरी टाइप व्हायला दुपार होते, कारण ज्युनिअर डॉक्टर ओटीत असतो. उरलेली औषधं फार्मसीला परत जातात, त्याची वजावट होते, मग फायनल बिल. सही. स्कॅन. अपलोड. दोन वाजले. मग तिकडनं क्वेरी: इनडोअर पेपर पाठवा. म्हणजे नर्सनं रोज लिहिलेली तापाची, बीपीची पानं. ती पाठवली की दुसरी क्वेरी: सोनोग्राफीचा जुना रिपोर्ट. प्रत्येक क्वेरीला घड्याळ पुन्हा शून्यावर. नियम कागदावर पाळला जातो, विलास. कुणीच मोडत नाही."

"आणि पेशंटला हे सांगायचं कुणी?"

"कुणीच नाही. पेशंट ह्या कागदात येतच नाही. तो फक्त सही करतो."

माझ्या मते दुखणं नेमकं इथं आहे. दोन पार्ट्यांमध्ये घासाघीस चाललेली असते. दोघांनाही दर माहीत, नियम माहीत, एकमेकांच्या लबाड्या माहीत. आणि ज्याच्या नावानं चाललंय तो बाहेरच्या खुर्चीवर टीव्हीवरच्या जुन्या मालिका बघत बसतो. पैसे कापले तरी माणूस एक वेळ गिळतो. पण का कापले, हे कुणी तोंडानं सांगत नाही, ते गिळवत नाही.

बापूंनी घसा साफ केला. बापू बोलायला लागले की सुरुवात जुन्या काळापासून होणार हे ठरलेलं.

"मेडिक्लेम आला १९८६ ला. सरकारी कंपन्यांचा. तेव्हा आधी पैसे भरायचे, मग फाईल पाठवायची आणि वाट बघत बसायचं. २००१ ला टीपीएचे नियम झाले, कार्ड आलं, आम्हाला वाटलं सुटलो. ही मधली माणसं पेशंटच्या सोयीसाठी, असंच सांगितलं होतं."

"बापू, पण हॉस्पिटलं पण कमी नाहीत," नंदूला आता जरा जोर चढला. "दारात पहिला प्रश्न काय? मेडिक्लेम आहे का? हो म्हटलं की दर बदलला. २०१० च्या जुलैत सरकारी कंपन्यांनी मुंबई-दिल्लीतल्या मोठ्या हॉस्पिटलांचं कॅशलेस बंद केलं होतं, ते ह्याच कारणानं. विमावाल्या पेशंटला बिल फुगवून लावता म्हणून. मग ठरलेल्या दराची यादी आली. कंपनी कात्री लावते कारण समोरचा फुगवतो."

"आणि समोरचा फुगवतो कारण तुम्ही कात्री लावता," शिरीष म्हणाला. "वर्षानुवर्षं दर वाढवून देत नाही. केलेल्या बिलाचे पैसे महिना-महिना अडकतात. पगार काय टीपीए देणार आहे?"

"झालं तुमचं?" विलास म्हणाला. "ह्यात माझी आई कुठं आली?"

मग कुणीतरी 'अमेरिकेत असं नसतं' हे वाक्य टाकलं. बहुतेक मीच. बापूंचा मुलगा न्यू जर्सीत, त्यामुळं उत्तर तयार होतं.

"तिथंच तर हे सुरू झालं बाबा. निक्सननं १९७३ ला कायदा केला आणि एचएमओ पद्धतीला सरकारी बळ दिलं. वर्षाचा ठरलेला हप्ता भरा, ठरलेल्या डॉक्टरांकडंच जा, आधी घरच्या डॉक्टरची चिठ्ठी, मग स्पेशालिस्ट. कल्पना वाईट नव्हती, उगाच तपासण्या, उगाच ऑपरेशनं थांबावीत. पण थांबवणाऱ्यालाच पैसे वाचवायचे असले की मग काय होतं? बाळंतिणींना चोवीस तासांच्या आत घरी पाठवायला लागले. शेवटी १९९६ ला कायदा करावा लागला, की विम्यानं नॉर्मलला निदान अठ्ठेचाळीस तास आणि सिझेरियनला शहाण्णव तास खर्च दिलाच पाहिजे. माझ्या सुनेचा गुडघा सुजला, डॉक्टर म्हणाला एमआरआय, विमा कंपनी म्हणाली आधी सहा आठवडे व्यायाम करा. डॉक्टर कोण, कंपनी कोण, तिला कळेना."

"ते गोळी घातलेलं प्रकरण तिथलंच ना?" इक्बालनं विचारलं.

"डिसेंबर २०२४. मॅनहॅटनमध्ये, युनायटेड हेल्थकेअरचे प्रमुख, ब्रायन थॉम्पसन. काडतुसांवर 'डिनाय', 'डिले', म्हणजे नाकारा, लांबवा, असले शब्द लिहिलेले. खून तो खूनच, मेलेल्या माणसालाही घरदार होतं. पण त्यानंतर लोक हळहळण्याऐवजी आपापली नाकारलेली बिलं सांगत सुटले. मुलगा म्हणाला, बाबा, ऑफिसात प्रत्येकाकडं एक तरी गोष्ट होती."

थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग इक्बालनं फुले योजनेचा विषय काढला, त्याच्या दुकानात रोजच येणारा. महात्मा फुले जनआरोग्य योजना आता राज्यातल्या सगळ्यांना, पाच लाखांपर्यंत मोफत उपचार. काउंटरवर योजनेचा माणूस, आरोग्यमित्र, बसलेला असतो. पेशंटकडनं पैसा घ्यायचा नाही हा नियम. "पण बेड असतो का? योजनेत म्हटलं की 'आज शिल्लक नाही', रोख म्हटलं की निघतो. आणि बाहेरनं आणायच्या औषधाची चिठ्ठी माझ्याच काउंटरवर येते, मला दिसतं की." कुपवाड एमआयडीसीतल्या पोरांच्या पगारातनं ईएसआयचे, म्हणजे कामगार विम्याचे, पाऊण टक्का कापले जातात, त्यातली किती जण त्या दवाखान्यात औषध घ्यायला जातात, हेही त्यानं विचारलं. उत्तर कुणी दिलं नाही, विलासचे कागद वाऱ्यानं उडायला लागले होते.

ते गोळा करता करता शिरीषची नजर सेटलमेंट लेटरवर पडली. त्यानं चष्मा कपाळावरनं खाली घेतला.

"हे काय? औषधं बावीस हजार, कापले आठ हजार आठशे. तपासण्या आठ हजार, कापले बत्तीसशे."

"साठ टक्के ना," विलास म्हणाला. आता त्यालाही पाठ झालं होतं.

"नाही. हे चालत नाही. औषधं, इम्प्लांट, तपासण्या ह्यांना ही कात्री लावायची नाही, हे इर्डानं २०२० लाच सांगितलंय. फक्त रूमबरोबर येणाऱ्या खर्चाला लावायची. मास्क-ग्लोव्हज वगैरेचे पाच हजार गेले ते गेले, ते न देण्याच्या यादीत आहेत. पण हे बारा हजार तुझे आहेत."

नंदू बाकाच्या टोकावरनं सरकत मधे आला. "दाखव." त्यानं दोनदा वाचलं. "बरोबर आहे. उद्याच कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला मेल टाकतो. महिन्यात उत्तर नाही आलं तर पुण्याला विमा लोकपालाकडं. फी नाही, वकील लागत नाही, चालतही नाही. पन्नास लाखांपर्यंतचं ते बघतात."

"अजून एक," शिरीष म्हणाला. "सर्जन, ओटी, नर्सिंग मिळून साठ हजार होते. त्यातले चोवीस कापलेत. पण त्या हॉस्पिटलात ऑपरेशनचा दर रूमप्रमाणे बदलतो का? जनरललाही तोच आणि सिंगललाही तोच असेल, तर ही कात्री लावताच येत नाही. हाही नियमच आहे. मग चोवीसही तुझे."

"ते कसं कळणार?"

"त्यांच्याकडनं दरपत्रक आण. सही-शिक्क्याचं."

विलासचा चेहरा पडला. परत त्याच काउंटरवर जायचं, त्याच पोरीसमोर उभं राहायचं. "देतील होय?"

"दर्शनी भागात लावलेलंच पाहिजे," बापू म्हणाले. "२०२१ ला राज्यानं नर्सिंग होमचे नियम बदलले त्यात आहे. दर आणि रुग्णांचे हक्क, दोन्ही."

"असेल की लावलेलं," इक्बाल म्हणाला. "लिफ्टच्या मागं, लाल सिलिंडरच्या शेजारी. चल, मी येतो, फोटो काढू." मग एकदम शिरीषकडं वळून, "तुमच्याकडं कुठं लावलंय रे?"

शिरीषनं कागद नीट जुळवून विलासच्या हातात दिले.

"आमच्याकडं सध्या रंगकाम चाललंय."

"कधीपासनं?" बापूंनी विचारलं.