‘पाच कार्डं काढा, युरोप फुकट फिरा’ म्हणे!

हा मेसेज घरच्या ग्रुपवर फिरत होता तोवर मी गप्प होतो. पण नुकत्याच नोकरीला लागलेल्या भाच्याने खरोखरच अर्ज भरायला घेतले, तेव्हा राहवलं नाही. मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं: नव्या क्रेडिट कार्डावर हजारो पॉइंट बोनस मिळतो, त्यांवर विमान तिकीट काढायचं, बोनससाठीची खर्चाची अट मित्राला खोटं घरभाडं पाठवून पुरी करायची, बिलाचा फक्त ‘मिनिमम ड्यू’ (बँकेने ठरवलेली किमान रक्कम) भरायचा आणि बोनस पदरात पडला की कार्ड विसरून जायचं.

आधी मिनिमम ड्यू. ‘तेवढा भरला की व्याज लागत नाही’ असं बेधडक लिहिलंय. लागतं! त्याने वाचते ती फक्त लेट फी. रिझर्व्ह बँकेच्या क्रेडिट कार्ड निर्देशांनुसार बँकेने ग्राहकाला स्पष्ट सांगायचं असतं की मागच्या बिलातलं काहीही थकलं तर बिनव्याजी मुदत जाते. म्हणजे पुढच्या महिन्यात घेतलेल्या दुधाच्या पिशवीवरही पहिल्या दिवसापासून व्याज. आता हिशेब करा. लाखाचं बिल, भरले पाच हजार, राहिले ९५,०००. महिना साडेतीन टक्क्यांनी (काही कार्डांवर जास्तच) व्याज ३,३२५ रुपये, वर १८ टक्के जीएसटीचे जवळपास ६००. एका महिन्यात ३,९०० च्या वर गेले, तेही खरेदीच्या तारखेपासूनचं मागचं व्याज न धरता. पुढच्या महिन्यात पुन्हा पाच हजार भरलेत तर मुद्दल जेमतेम हजारभराने हलणार. यातून पॅरिस सोडा, पनवेलही फुकट पडायचं नाही.

बोनसचे आकडे बहुधा अमेरिकेतून उचललेत. तिथे चेस सफायर प्रिफर्डसारख्या कार्डावर तीन महिन्यांत काही हजार डॉलर खर्चले की ६०,००० पॉइंट मिळत आलेत, वार्षिक फी ९५ डॉलर. न्यू जर्सीतल्या मावसभावाला त्यावर विमानप्रवास जमतो, कबूल. इथे? एचडीएफसीच्या इन्फिनिया कार्डावर सुरुवातीला १२,५०० पॉइंट, विमान तिकिटासाठी पॉइंटला एक रुपया. आणि फी? १२,५०० अधिक जीएसटी, म्हणजे १४,७५० आधी मोजा. ही तर स्वतःच स्वतःच्या ताटात टाकलेली ओवाळणी झाली.

खोट्या भाड्याबद्दल काय बोलावं! कित्येक कार्डांवर भाड्याला पॉइंटच नाहीत, वर टक्काभर शुल्क. आणि मित्राच्या खात्यात दरमहा भाडं जमा होताना दिसलं, तर प्राप्तिकर खात्याला उत्तर तो देणार की तुम्ही?

एकदम पाच अर्ज केले तर बँकांच्या पाचही चौकशा सिबिलच्या, म्हणजे कर्ज देताना बँका बघतात त्या, नोंदीत उमटतात. पुढेमागे गृहकर्ज घ्यायचंय ना?

एक मात्र नाइलाजाने मान्य करतो. विस्तारा विमान कंपनीची बँकांसोबत काढलेली (को-ब्रँड) कार्डं होती तेव्हा ॲक्सिसचं साधं कार्ड दीड हजार फीत इकॉनॉमीचं एक तिकीट द्यायचं, कर तेवढे आपण भरायचे. वेळेवर पूर्ण बिल भरणाऱ्यांना तो सौदा खरंच स्वस्तात पडला. पण १२ नोव्हेंबर २०२४ ला विस्तारा एअर इंडियात विलीन झाली, आणि मेसेजमध्ये ते कार्ड अजूनही पहिल्या नंबरावर आहे!

राहिलं ‘कार्ड विसरून जा’. तुम्ही विसराल, बँक दुसऱ्या वर्षाची फी विसरणार नाही. नको असेल तर बाकी शून्य करून कार्ड बंद करायला लेखी कळवा. रिझर्व्ह बँकेच्या त्याच निर्देशांनुसार सात कामकाजी दिवसांत बंद झालं नाही, तर उशिराच्या प्रत्येक दिवसाचे ५०० रुपये बँकेने तुम्हाला द्यायचे असतात.