आमच्याकडेही होती

आमच्या फियाटचा ब्रेक गेला, तो सुदैवाने सोसायटीच्या फाटकातच. वडिलांनी पाय दाबला, पेडल कसलीही कुरकुर न करता थेट तळाला टेकले आणि गाडी अत्यंत सावकाश पुढे जाऊन वॉचमनच्या खुर्चीवर विसावली. वॉचमन नेहमीप्रमाणे खुर्चीत नव्हता, आणि त्याच्या या सवयीबद्दल आजवर कमिटीकडे तीन अर्ज दिलेल्या माझ्या वडिलांनी त्या दिवशी प्रथमच तिचे मनापासून स्वागत केले.

मेस्त्रींनी मागचे डावे चाक उतरवले, हातोडीचे चार टोले मारून ड्रम सुटा केला, आत टॉर्च मारला आणि म्हणाले, "रडतंय." व्हील सिलिंडरमधून ब्रेक ऑईल पाझरून लायनर चिंब भिजले होते. या गाडीत चारही चाकांना तेल पोहोचवणारी वाट एकच असल्यामुळे एका चाकाने गळा काढला की उरलेली तिन्ही चाके सहानुभूतीने काम बंद करतात. सिलिंडरच्या दोन्ही टोकांना एकेक पिस्टन असतो आणि त्याच्यामागे वाटीच्या आकाराचे एक रबर. तेलाचा दाब आला की त्या वाटीची कड फाकून सिलिंडरच्या भिंतीला घट्ट चिकटते, म्हणून तेल बाहेर न सांडता पिस्टनला ढकलते. आमच्या रबराची कड झिजून उंदराने कुरतडल्यासारखी झाली होती. ब्रेक ऑईल हवेतली ओल शोषून घेते, ओलीने सिलिंडर आतून गंजतो आणि गंज रबराला खातो. चार महिने पावसाळ्यात ताडपत्रीखाली उभ्या राहणाऱ्या मुंबईतल्या गाडीला याहून वेगळे काही होणे शक्यच नव्हते.

"सिलिंडर मी घासून घेतो, रबरं तुम्ही आणा. दोन्ही मागच्या चाकांची मिळून चार," मेस्त्री म्हणाले आणि त्यांनी ते मयत रबर माझ्या तळहातावर ठेवले. ते जुन्या पंचवीस पैशांच्या नाण्याएवढे होते. ते नाणे २०११ साली चलनातून गेले, हे मी अपशकुन म्हणून तेव्हाच ओळखायला हवे होते.

गाडी १९७२ची, फियाट ११०० डिलाईट. हीच गाडी पुढे 'प्रेसिडेंट' झाली आणि १९७४पासून चितोडच्या राणीच्या नावावरून 'पद्मिनी' म्हणवू लागली. आमची मात्र बारशाआधीची. आजोबांनी नंबर लावून, सात वर्षे वाट पाहून ती मिळवली होती. २०२१च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांवरील खाजगी गाडीची मूळ स्वरूप राखले असल्यास व्हिंटेज म्हणून नोंदणी करता येते. मग ती रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. आमच्या गाडीने नोंदणीची वाट न पाहता ही अट केव्हाच पाळायला सुरुवात केली होती.

शेजारच्या काकांनी "रबर कशाला बदलतोस, इंजिन ऑईल ओत, दाट असतं, गळणार नाही" असा सल्ला दिला. खनिज तेलाने ब्रेकची सगळीच रबरे फुगून बाद होतात, हे मेस्त्रींनी त्यांना इतक्या सविस्तर समजावले की त्यानंतर काकांनी आमच्याशी गाडी सोडून इतर विषयांवर बोलायला सुरुवात केली.

गाडीचे सुटे भाग म्हणजे ऑपेरा हाऊस, हे मुंबईकराला शिकवावे लागत नाही. पार्ल्याहून लोकलने चर्नी रोडला उतरलो आणि पहिल्याच दुकानात रबर काउंटरवर ठेवले. शेठनी ते दोन बोटांत धरून उजेडाकडे नेले, आणि त्यांचा चेहरा एकदम मऊ झाला. "फियाट! आमच्याकडेही होती." मला वाटले, काम झाले. शेठनी मात्र १९८१ सालातल्या लोणावळ्याच्या सहलीला हात घातला. गाडीत नऊ माणसे, खंडाळ्याच्या घाटात बॉनेटमधून वाफ, चहाच्या किटलीने रेडिएटरमध्ये घातलेले पाणी, आणि मागच्या सीटवरून आत्याने सुरू केलेले रामरक्षेचे पठण. चहा आला. चहा संपला. "रबर?" मी विचारले. "ते आता कुठे मिळणार, साहेब!"

दुसऱ्या दुकानात एका लग्नाची वरात होती, तिसऱ्यात स्टिअरिंगच्या दांड्यावरचा गिअर पहिल्यांदा टाकताना तुटलेली बोटाची अंगठी. खंडाळ्याच्या घाटात ज्यांची फियाट तापली नाही असे कुटुंब मला त्या दिवसभरात भेटले नाही. चौथ्या दुकानापासून मी शहाणा होऊन गाडीचे नाव लपवू लागलो आणि "एकोणीस मिलिमीटरचं रबर आहे का?" एवढेच विचारू लागलो, पण "कुठल्या गाडीचं?" हा प्रश्न येणारच, आणि मग घाट चढावाच लागे. फियाटच्या आठवणींचा एवढा मोठा साठा त्या गल्ल्यांमध्ये असेल याची मला कल्पना नव्हती. त्यातली एकही आठवण सिलिंडरमध्ये बसण्याजोगी नव्हती, एवढेच.

मोनोग्राम मात्र हवे तेवढे होते. चकचकीत हबकॅप होत्या, दाराचे हँडल होते. एका दुकानदाराने खाजगी आवाजात सांगितले की हा माल हॉटेलवाले भिंतीवर टांगायला नेतात, आणि भिंतीला ब्रेक लागत नाही.

मग कुर्ला. ही गाडी बनवणाऱ्या प्रीमियर कंपनीचा कारखाना कुर्ल्यातच होता, त्यामुळे तिकडचा सीएसटी रोड म्हणजे गाडीचे माहेरच. तिथल्या भंगारवाल्याने आठवण वगैरे काही न सांगता फडक्यात गुंडाळलेली चार रबरे पुढे केली. रिक्षाची होती. "अर्धा मिलिमीटर मोठी आहेत, दोन दिवसांत बसतील." मी ती विजयी मुद्रेने घेऊन आलो. मेस्त्रींनी एक नुसते दाबून पाहिले. "यांनी गाडी थांबेल, साहेब. पण मग हलणार नाही."

शेवटी मेस्त्रींनाच माझी दया आली आणि ते मला परळच्या एका चाळीत, त्यांच्या ओळखीच्या टॅक्सीवाल्या काकांकडे घेऊन गेले. मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची मुदत असते. शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३च्या ऑक्टोबरात ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली होती आणि ३० ऑक्टोबर २०२३पासून तीही रस्त्यावरून गेली. काकांची त्याच्या बरीच आधी भंगारात निघाली होती. काकांनी माझ्या हातातले रबर घेतले. आता घाट येणार म्हणून मी भिंतीला टेकून नीट बसलो.

"माझी गाडी ब्रेकला एक नंबर आहे," काका म्हणाले.

मेस्त्रींनी मला डोळ्यांनीच गप्प राहायला सांगितले. काकांनी कॉटखालून बिस्किटांचा पत्र्याचा डबा ओढला. आत वर्तमानपत्राच्या पुडीत, टाल्कम पावडरमध्ये लोळवलेली रबरे होती. कोरडी पडून चिरू नयेत म्हणून ते दर दिवाळीला पावडर बदलतात, असे कळले. त्यांनी एकेक रबर फुंकून, कडेवरून अंगठ्याचे नख फिरवून माझ्यासमोर मांडले. सहा होती. किती द्यायचे, असे मी विचारल्यावर त्यांनी पुडीवर पेन्सिलीने लिहिलेली किंमत दाखवली: नगास अठरा रुपये. त्याहून एक पैसा जास्त घ्यायला ते तयार होईनात.

"सहाही देता का?" मी हावरटपणाने विचारले. "पुढेमागे उपयोगी पडतील."

काकांनी चार माझ्या हातावर मोजून ठेवली, उरलेली दोन पुन्हा पावडरीत घोळवली, पुडी बांधली आणि डबा पायाने कॉटखाली सरकवला.

"दोन राहू देत," ते म्हणाले. "गाडीला लागतात."