मेलबर्न स्टॉर्मचं ‘सगळंच चोरीचं’ कसं?

ऑस्ट्रेलियातल्या रग्बी लीगचा विषय निघाला की मेलबर्न स्टॉर्मबद्दलचा एक दावा हमखास पुढे सरकवला जातो. त्याचा सारांश असा : या क्लबने जे जिंकलं ते खेळाडूंना चोरून जादा पैसे देऊन जिंकलं, २०१० मध्ये पकडले गेले आणि लगेच तळाला गेले, नंतरचं यशही त्या चोरीच्याच पुण्याईवर. सोबत पुरावा म्हणून २०१० च्या गुणतक्त्याचा फोटो असतो. सोळावा क्रमांक, शून्य गुण.

आधी जे खरं आहे ते मान्य करू. आयपीएलच्या लिलावात जसा प्रत्येक संघाला खर्चाचा आकडा ठरवून दिलेला असतो, तशी तिथल्या एनआरएल (नॅशनल रग्बी लीग) स्पर्धेत सॅलरी कॅप असते. स्टॉर्मच्या कार्यालयाने दोन हिशेब ठेवले होते. एक स्पर्धेच्या तपासनिसांना दाखवायचा, दुसरा खरा. २२ एप्रिल २०१० ला हे जाहीर झालं, तेव्हा पाच वर्षांतला जादा खर्च सुमारे १७ लाख डॉलर सांगितला गेला. जुलैतल्या तपासणी अहवालात तोच ३१ लाखांच्या पुढे गेला. २००७ आणि २००९ ची विजेतेपदं काढून घेतली, २००६ ते २००८ हे तिन्ही साखळीतले पहिले क्रमांकही गेले. यात ‘पण’ घालायला जागा नाही.

आता तो फोटो. शून्य गुण दिसतात म्हणून संघ हरत होता असं समजणं म्हणजे तक्त्याखालची तळटीप न वाचणं. शिक्षा अशी होती की आधी मिळवलेले आठ गुण गेले आणि उरलेल्या मोसमात कितीही जिंकलात तरी गुण मिळणार नाहीत. शिक्षा जाहीर झाल्यावर तिसऱ्याच दिवशी, अँझॅक डेला (तिथल्या युद्धस्मृतिदिनाला), या संघाने न्यूझीलंड वॉरियर्सला ४०-६ असं धुतलं. मिळालं काय? तक्त्यात काहीही नाही. त्या मोसमात त्यांनी १४ सामने जिंकले. गुण धरले असते तर ते बाद फेरीच्या पहिल्या आठांत आरामात बसले असते. म्हणजे ज्या वर्षाला ‘सगळ्यात वाईट’ म्हणून मिरवलं जातं, ते खेळाच्या हिशेबाने बऱ्यापैकी वर्ष होतं. (काहीच मिळणार नसलेल्या सामन्यांत माणसं एवढी जीव तोडून का खेळतात, हा वेगळा विषय.)

‘सगळं चोरीचं’ म्हणणारे १९९९ च्या विजेतेपदालाही त्यातच ढकलतात. चौकशीत सापडलेली गडबड २००६ ते २०१० या काळातली. १९९९ ला प्रशिक्षक ख्रिस अँडरसन होते, कर्णधार ग्लेन लाझारस, क्लबचा जेमतेम दुसरा मोसम. टीकाच करायची तर ती वेगळी आहे : सुपर लीग या प्रतिस्पर्धी स्पर्धेच्या भांडणात बंद पडलेल्या पर्थ आणि हंटरच्या संघांतले तयार खेळाडू या नव्या क्लबला आयते मिळाले. ते नशीब होतं, लबाडी नव्हे. आणि अंतिम सामना तर फुकट मिळालाच नाही. सिडनीत १,०७,९९९ प्रेक्षक, मध्यंतराला सेंट जॉर्ज इलावारा १४-० ने पुढे. अखेरची काही मिनिटं उरली असताना सेंट जॉर्ज अजून १८-१४ ने पुढेच. उंच लाथाडलेला चेंडू गोलरेषेपलीकडे स्टॉर्मच्या क्रेग स्मिथने हवेत झेलला, आणि सेंट जॉर्जच्या जेमी एन्सकोचा हात त्याच्या मानेवर-डोक्यावर आदळला. स्मिथ बेशुद्ध, चेंडू सुटला. पंच बिल हॅरिगननी व्हिडिओ बघायला सांगितला आणि पेनल्टी ट्राय मिळाली, म्हणजे नियमभंगामुळे चेंडू टेकवता आला नाही तरी ट्रायचे चार गुण. ट्रायनंतरच्या दोन गुणांची किक मॅट गायरने समोरूनच मारली, २०-१८. सेंट जॉर्जवाले त्या निर्णयावर वाद घालतील तर घालोत, पगाराच्या वह्यांशी त्याचा संबंध नाही.

खरा वजनदार मुद्दा शेवटचा आहे : कॅमेरॉन स्मिथ, बिली स्लेटर आणि कूपर क्रॉन्क हे संघाचे तीन बिनीचे खेळाडू एकत्र टिकले ते जादा पैशांमुळे, म्हणून २०१२ चं विजेतेपदही डागाळलेलं. याला टाळता येत नाही. तिघे विकत आणलेले मात्र नव्हेत; ब्रिस्बेनच्या नॉर्थ्स या संलग्न क्लबातून वर आलेले, २००२ ते २००४ दरम्यान एकेक करून पदार्पण केलेले. तरी जादा पैसे नसते तर एखादा आधीच निसटला असता, हे शक्य आहे. पण २०१० नंतर कॅपमध्ये बसण्यासाठी ग्रेग इंग्लिस गेला, ब्रेट व्हाइट गेला, एडन टोलमन गेला, जेफ लिमा गेला. रायन हॉफमनही इंग्लंडला गेला, तो २०१२ ला परतला. इंग्लिससारखा खेळाडू गमावलेला संघ पुढच्याच वर्षी, २०११ ला, साखळीत पहिला आला. मग जिंकलेले अंतिम सामने : २०१२ ला बुलडॉग्जवर १४-४. २०१७ ला नॉर्थ क्वीन्सलँडवर ३४-६. २०२० ला पेनरिथवर २६-२०, तेव्हा क्रॉन्क आणि स्लेटर दोघेही नव्हते. २००९ च्या संघातला कॅमेरॉन स्मिथ तेवढा उरला होता. मग तोही निवृत्त झाला आणि २०२१ मध्ये स्टॉर्मने सलग १९ सामने जिंकून ईस्टर्न सबर्ब्जच्या १९७५ च्या विक्रमाची बरोबरी केली. जादा पगार घेतलेला कोणता खेळाडू यात होता? कायम राहिले ते २००३ पासूनचे प्रशिक्षक क्रेग बेलॅमी, आणि प्रशिक्षकाचा पगार कॅपमध्ये मोजला जात नाही.

उलट्या बाजूचा एक दावाही तितकाच पोकळ आहे, तो स्टॉर्मच्या चाहत्यांचा : ‘सगळेच करत होते, आमची सहा विजेतेपदं.’ कॅप मोडल्याबद्दल बुलडॉग्जना २००२ ला ३७ गुणांचा दंड झाला होता, हे खरं. पण म्हणून स्टॉर्मची अधिकृत संख्या चारची सहा होत नाही. काढून घेतलेली दोन वर्षं रिकामीच आहेत, उपविजेत्यांना दिलेली नाहीत. २००९ च्या अंतिम सामन्यात २३-१६ ने हरलेल्या पॅरामॅटाचं शेवटचं विजेतेपद १९८६ चं आहे. सहाचा आकडा एकदा त्यांच्या स्टँडमध्ये उभं राहून सांगून बघावा.