बारक्याला कधी खेळवणार?

आधीच सांगतो, पोस्ट लांब आहे. आणि यात मी कोणाला झोडपत असेन तर पहिला नंबर माझाच आहे.

फेब्रुवारीतली रात्र. कणकवलीच्या बाजूला प्रकाशझोतातले कबड्डी सामने होते. उपांत्य सामना, शेवटची चार मिनिटं, आम्ही दोन गुणांनी पुढे. मागच्या दोन चढाया मोकळ्या गेलेल्या, म्हणजे आता तिसरी. गुण आणा नाहीतर बाद व्हा. समोर सहा जण उभे, बोनस खुला, म्हणजे बोनस रेषा ओलांडली तरी एक गुण. आणि मध्यरेषेजवळ, गुडघ्यांना लाल माती फासलेला आमच्याच वाडीतला सतरा वर्षांचा पोरगा. त्याचं खरं नाव इथे नको, आम्ही त्याला बारक्या म्हणतो. बाहेरून आणलेल्या एकाचा घोटा मुरगळला म्हणून उत्तरार्धात आत गेला होता. त्याने मातीला हात लावून कपाळाला लावला आणि मी खुर्चीतून उठून ओरडलो, "तू नको! त्याला जाऊ दे!"

"तो" म्हणजे मुंबईहून पाकीट देऊन आणलेला चढाईपटू. त्याने बोनस घेतला, वर एकाला टिपलं, परत आला. आम्ही जिंकलो. दुसऱ्या दिवशी अंतिम सामनाही जिंकलो. म्हणजे त्या रात्री मी चुकलो असं कोणी म्हणू शकत नाही. तीच तर पंचाईत आहे.

बारक्याचा चेहरा मात्र मी बघितला होता. तो रागावला नाही. त्याने फक्त मान हलवली आणि कोपऱ्यात जाऊन उभा राहिला. आपल्याला कोणी विचारणार नाही हे पोरांना एकदा कळलं की ती रागवायची बंद होतात. शाळेत मागच्या बाकावर बसलेल्यांना हे नीट कळेल.

आता हिशेब सांगतो, कारण मंडळाची वही माझ्याकडेच असते. बक्षीस २१ हजार. तीन आयात खेळाडूंची पाकिटं, त्यांची गाडी, राहणं, दोन वेळचं मटण मिळून गेले २४ हजार. वरचे तीन गावातल्या आंबेवाल्यांनी दिले. चषक समाजमंदिरातल्या कपाटात आहे, त्याच्यावर भजनाच्या पखवाजाची गवसणी टाकलेली असते. आणि आमची पाच पोरं दोन मोसम काय करत होती? पाण्याच्या बाटल्या भरत होती, पंपाने मैदान शिंपत होती, बर्फाची पिशवी धरून उभी होती. वहीत त्यांची नावं दर सामन्याला आहेत. बारा जणांच्या यादीत आठ ते बारा.

हे फक्त आमच्या मंडळाचं नाही. देवगड घ्या, मालवण घ्या, वर रत्नागिरी-रायगडपर्यंत जा, मोठ्या बक्षिसाची स्पर्धा असली की जर्सीवर ग्रामदेवतेचं नाव आणि आत माणसं भलत्याच गावची. लाऊडस्पीकरवाला म्हणतो, "अमुक गावचा ढाण्या वाघ!" आणि त्या ढाण्या वाघाला देवळाकडे जायची वाट ठाऊक नसते. क्रिकेटमध्ये तर गंमत याच्याही पुढे गेली आहे. महाराष्ट्र प्रीमियर लीगचं २०२३ चं पहिलंच विजेतेपद रत्नागिरी जेट्सने मिळवलं, आम्ही इथे फटाके लावले, आणि सामने सगळे पुण्याजवळच्या गहुंजेला! असो. तो विषय पुन्हा कधीतरी.

मला ज्याने विचार करायला लावलं ती प्रो कबड्डी. आमची पोरं मोबाइलवर बघतात म्हणून मीही बघायला लागलो. दहाव्या मोसमाच्या लिलावात तेलुगू टायटन्सने पवन सेहरावतवर २ कोटी ६० लाख ५० हजार रुपये मोजले. पवनबद्दल शंका घ्यायचं कारणच नाही, खेळाडू मोठाच. पण तो मोसम संपला तेव्हा टायटन्स २२ सामन्यांत फक्त दोन जिंकून सगळ्यांच्या खाली होते. त्याच मोसमात पुणेरी पलटणने काय केलं? आदल्या मोसमात फजल अत्राचलीसारखा कसलेला इराणी बचावपटू कर्णधार होता, अंतिम फेरीत जयपूरकडून ३३-२९ असे हरले. हरल्यावर आमच्यासारखं मंडळ काय करतं? आणखी एक मोठं पाकीट शोधतं. त्यांनी फजलला सोडलं आणि कर्णधारपद दिलं अस्लम इनामदारला. नगर जिल्ह्यातला पोरगा, दोनच मोसमांपूर्वी नवा युवा खेळाडू म्हणून आलेला. सोबत मोहित गोयत, पंकज मोहिते, आकाश शिंदे अशी एकमेकांच्या सवयी पाठ असलेली पोरं. १ मार्च २०२४ ला हैदराबादेत हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असं हरवून पलटणने पहिल्यांदा चषक उचलला.

लगेच कोणीतरी कमेंटमध्ये लिहील, म्हणून मीच लिहितो: त्याच लिलावात पुण्याने मोहम्मदरेझा शादलूला २ कोटी ३५ लाखांना घेतलं होतं. घेतलं होतं, खरंच आहे. पण बाकीचा संघ उभा असताना एक दुवा कमी होता, तो त्यांनी विकत आणला. आम्ही दुवेच दुवे विकत आणतो आणि साखळी कुठे आहे ते शोधत बसतो.

दबंग दिल्लीचं उदाहरण मला याहून जास्त आवडतं. २०१८ मध्ये नवीन कुमार त्यांच्याकडे आला तेव्हा अठरा वर्षांचा. पहिल्या मोसमापासून चढाईचा भार त्याच्यावर टाकला. २०१९ ला अंतिम फेरी गाठली आणि बंगाल वॉरियर्सकडून हरले. पोराला बदललं नाही. पुढच्या मोसमात त्यांनी केलं काय, तर त्याच्या मागे जुनी जाणती माणसं आणून उभी केली. मंजीत छिल्लर, जीवा कुमार. जोगिंदर नरवाल तर आधीपासून होताच. लोक हसत होते, म्हाताऱ्यांची बचावफळी म्हणून. पण त्यातली अक्कल मी स्वतः बचावात डावा कोपरा खेळलेला असल्यामुळे मला लगेच दिसली. चढाईत पाय लागतात, फुप्फुस लागतं, बेडरपणा लागतो, ते अठराव्या वर्षी असतं. कोपऱ्यात थांबणं लागतं. घोटा कधी धरायचा आणि कधी धरायचा नाही, हे शिकायला दहा वर्षं जातात. पोरगा बाद होऊन बाहेर बसला तरी मागचे चार जण सामना धरून ठेवणार, हे त्याला माहीत असेल तर तो समोरच्या अंगणात मोकळ्या मनाने जातो. फेब्रुवारी २०२२ ला दिल्ली जिंकली, ३७-३६, एका गुणाने.

आमच्याकडे याच्या बरोबर उलटं चालतं. चढाईला पाकीटवाले, आणि कोपऱ्यात घरची कच्ची पोरं, कारण कोपऱ्यातला कोणाला दिसत नाही. पकड सुटली की शिव्या त्यांना, गुण आला की टाळ्या पाहुण्याला.

आंबेवाले आहोत म्हणून आंब्याचंच सांगतो. हापूस दरवर्षी सारखा धरत नाही. एक वर्ष भरून, एक वर्ष रिकामं, हे त्याच्या जातीतच आहे. मग आलं कल्टार नावाचं औषध. मुळाशी घातलं की मोहर लवकर आणि दरवर्षी. घरचा मालक घालतो, पण झाडाकडे बघून घालतो, शेणखत देतो, एखादं वर्ष सोडतो. बाग कराराने घेणारा मात्र तीन वर्षांत पैसे काढून जाणार असतो. तो ओततो. फळ मिळतं, पेट्या भरतात, आणि करार संपल्यावर मालकाच्या हातात आखडलेल्या फांद्यांचं दमलेलं झाड येतं. आम्ही आमच्याच मंडळाचे कराराने घेतलेले मालक झालो आहोत.

परवा एका मित्राशी यावरून वाद झाला. तो फुटबॉलवेडा आहे. त्याने मला स्पेनच्या ॲथलेटिक बिल्बाओचं सांगितलं. हा क्लब फक्त बास्क प्रांतातले किंवा तिथे घडलेले खेळाडूच खेळवतो. जग पाण्यासारखे पैसे ओतून कुठून कुठून खेळाडू आणतंय, यांची मात्र लेझामा नावाच्या गावातल्या अकादमीतून पोरं वर येतात. १९२९ ला स्पॅनिश लीग सुरू झाली तेव्हापासून एकदाही वरच्या श्रेणीतून खाली गेलेले नाहीत. रियल माद्रिद आणि बार्सिलोना सोडले तर असं दुसऱ्या कोणालाच जमलेलं नाही. एप्रिल २०२४ ला त्यांनी कोपा देल रे जिंकला, तब्बल ४० वर्षांनी. मित्र म्हणाला, "बघ, गावकीचा संघ!"

मी ऐकून घेतलं. पण ४० वर्षं! आमच्या वाडीत चार वर्षं चषक आला नाही तर सभेत खुर्च्या उडतील. आणि दुसरं म्हणजे, बिल्बाओच्या पोराला पोटासाठी बिल्बाओ सोडावं लागत नव्हतं. तिथे पोलादाचे कारखाने होते, जहाजाच्या गोद्या होत्या. आमचा पोरगा बारावी झाला की बॅग भरतो आणि कणकवलीला जाऊन गाडीत बसतो. हे आजचं नाही. लालबाग-परळच्या गिरणगावात कबड्डी गाजली ती कोणाच्या जिवावर? पाळी संपवून चाळीसमोरच्या मातीत उतरणाऱ्या कोकणातल्या पोरांच्याच ना? आमच्या तीन पिढ्यांचं भविष्य मुंबईच्या मंडळांनी खेळवलं आणि आम्ही गणपतीत त्यांच्या आरत्या ओवाळल्या.

म्हणून "घरचे खेळाडू घडवा" हे भाषण ठोकणं सोपं आहे. घडवून ते राहणार कुठे, याचं उत्तर मंडळाकडे नाही. एका पोराच्या आईने मला अंगणात उभं करून विचारलं होतं, "ह्या कबड्डीन पोट भरतला काय?" मी तिला सांगितलं, सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, रेल्वे आहे, पोलीस आहे. ती म्हणाली, "तेका खेळाक तरी घेतास?" त्यावर माझ्याकडे बोलायला काही नव्हतं. आरक्षणासाठी प्रमाणपत्र लागतं, प्रमाणपत्रासाठी जिल्ह्याच्या संघातून वर जावं लागतं, त्यासाठी निवड चाचणीत दिसावं लागतं, आणि दिसण्यासाठी मोसमभर कोणीतरी चढाया करू द्याव्या लागतात. ती सगळी साखळी येऊन माझ्या खुर्चीपाशी अडकली होती.

या गणपतीत मंडळाची सभा झाली तेव्हा मी मुद्दा मांडला. पुढच्या मोसमापासून प्रत्येक सामन्याच्या पहिल्या डावात कुमार गटातले किमान तीन जण आत असायलाच हवेत, गुणफलक काहीही असो. बाहेरचा फक्त एक, तोही कोपऱ्यातला, आणि त्याने आठवड्यातून एक संध्याकाळ पोरांना द्यायची. पाकिटाचे उरलेले पैसे बुटांना. आमची पोरं अनवाणी मातीत तयार होतात आणि निवड चाचणी मॅटवर असते. तिथे पाय सरकला की पोरगा बोनस रेषेपर्यंत जायलाही घाबरतो. हे मी डोळ्यांनी बघितलंय.

सभेत काय झालं विचारू नका. बुटांना सगळे तयार. तीन कुमारांना अर्धे तयार. एक चाकरमानी म्हणाले, "हरायला वर्गणी देतो काय आम्ही?" त्यांचंही चुकत नाही. ते वर्षातून दहा दिवस येतात, त्यांना गावाचं नाव मोठं झालेलं बघायचं असतं. मी एवढंच म्हटलं की पहिलं वर्ष हरू, बहुतेक दुसरंही. शेवटी तीनाचे दोन केले आणि ठराव झाला. सही करताना अध्यक्ष माझ्याकडे असे बघत होते, जसं मीच होडीला भोक पाडतोय.

आता त्या दोन जागांसाठी पोरं हवीत ना? एक ठरला, अकरावीतला, पाय जलद आहेत, डोकं अजून गरम आहे. दुसऱ्यासाठी सगळ्यांच्या तोंडी एकच नाव आलं. बारक्या.

बारक्या जूनमध्येच मुंबईला गेला. कुरिअरच्या गोदामात रात्रपाळी करतो. तिथल्या एका मंडळाने त्याला दुसऱ्याच आठवड्यात जर्सी दिली. त्याच्या एका सामन्याचा व्हिडिओ ग्रुपवर फिरत होता. तिसऱ्या चढाईला तोच गेला, तिघांच्या मधून निसटून परत आला. मी तो व्हिडिओ किती वेळा बघितला ते सांगत नाही.

गणपतीत घरी आला होता. विसर्जनाच्या रात्री समुद्रावर भेटला, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, हातात रिकामा पाट. खांदे भरलेत आता. मी म्हटलं, "जानेवारीत चार दिवस सुट्टी काढ, आपल्या वाडीकडून खेळ. यंदा पहिल्या डावापासून आत. मी सांगतो ना."

त्याने पाट एका हातातून दुसऱ्या हातात घेतला.

"येतंय की काकानू," तो म्हणाला, "पाकीट किती देतलास?"

हसत विचारलं की खरंच विचारलं, ते मला अजून कळलेलं नाही.